गालिच्यात राहिलेला साबण आणि वेट-ड्राय व्हॅक्यूम: इंदूरच्या पाण्यावर कितपत चालतं?

गालिच्यावर पोह्यांची बशी उपडी झाली, हळदीचा डाग तिथल्या तिथे घासून काढला, आणि महिन्याभरात नेमकी तीच जागा बाकीच्या गालिच्यापेक्षा काळपट दिसायला लागली, ही तक्रार इंदुरातल्या अनेक घरांत आहे. लोक म्हणतात, डाग वर आला. डाग खरोखर वर यायचा असेल तर तो एक-दोन दिवसांत येतो. गालिच्याच्या पाठीशी ओल राहते, सुकताना पाणी वर चढतं आणि तळातला रंग लवेच्या, म्हणजे गालिच्याच्या वरच्या केसांच्या, टोकांवर आणून सोडतं. तीन-चार आठवड्यांत हळूहळू काळवंडत जाणारी जागा मात्र आत साबण राहिल्याचं लक्षण आहे. सुकलेल्या साबणाचा थर चिकट असतो, येता-जाता पायांची धूळ आणि तेलकटपणा त्याला धरतो. मग ती जागा पुन्हा साबणाने घासली जाते आणि थर आणखी वाढतो.

हा साबण बाहेर काढायला घरगुती वेट-ड्राय व्हॅक्यूम, म्हणजे धुळीबरोबर पाणीही ओढणारं यंत्र, कितपत कामाचं, ते इथे सांगतो. १५ ते २० लिटरची टाकी, १२०० ते १४०० वॉटची मोटर, खाली चाकं आणि वरून झाकणासारखी उचलली जाणारी मोटर, अशी ही यंत्रं सियागंजातल्या मशिनरीच्या दुकानांत आणि ऑनलाइनही मिळतात. आमचं मत आधीच सांगून टाकतो. घरात दोन-तीन गालिचे, सोफा आणि लहान मुलं असतील तर हे यंत्र घ्यावं. गालिच्याच्या शाम्पूवर आणि स्टीम क्लीनरवर जाणारे पैसे इकडे वळवावेत. पण सोबत आलेली नळी आणि नोझल जशीच्या तशी लावून चालवलं तर निम्मंसुद्धा काम होत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर.

साबण राहतोच का? कपडे धुताना पावडर बादलीभर पाण्यात विरघळते आणि नंतर कपडे दोन-तीन पाण्यांतून खळबळून निघतात. गालिच्यावर तीच पावडर तळहाताएवढ्या जागेत जाते आणि खळबळण्याचा टप्पाच नसतो. ओल्या फडक्याने पुसलं की लवेच्या वरच्या टोकांवरचा साबण निघतो, मुळाशी आणि पाठीच्या विणीत गेलेला तसाच राहतो. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडाही असतो. बोअरच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमशी त्याची गाठ पडली की चुन्यासारखा बारीक साका तयार होतो, तो केसांवर बसतो आणि गालिचा हाताला खरखरीत लागतो. शिवाय कपडे पांढरे दिसावेत म्हणून घातलेलं चमक आणणारं द्रव्य गालिच्यावर राहिलं तर उन्हात ती जागा उजळ, निळसर दिसते. लोकरीच्या गालिच्याला तर ही पावडर लावूच नये. सोड्याने लोकर कडक होते आणि एन्झाइमवाल्या पावडरीतलं प्रथिनं पचवणारं एन्झाइम लोकरीचे धागेही खातं, कारण लोकर हे प्रथिनच आहे.

साबण आहे की नाही हे आधी तपासावं. संशयित जागेवर कोमट पाण्याचे आठ-दहा फवारे मारा, मिनिटभर थांबा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीने लव दोन्ही दिशांना दाबत फिरवा. चमच्याच्या कडेला पांढरा फेस गोळा झाला, बोटांना बुळबुळीत लागलं, की उत्तर मिळालं. हीच तपासणी गालिच्याच्या कधीच न घासलेल्या कोपऱ्यावर करून दोन्हींची तुलना करा.

सोड्यासाठी वेगळी खूण आहे आणि ती आपल्या स्वयंपाकघरातच आहे. हळद अल्कलीत, म्हणजे सोड्यासारख्या द्रव्यात, लाल होते. साबण लावल्याबरोबर पोह्याचा पिवळा डाग विटकरी लाल झाला असेल तर घाबरू नका, तो नवा डाग नाही. आत सोडा आहे एवढंच ती हळद सांगते आहे, आणि सोडा निघाला की ती पुन्हा पिवळी होते. हळदीचा डाग नसेल तर चमचाभर सर्जिकल स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद कालवा, टिपकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सुकवा आणि गालिच्यातून ओढून काढलेल्या पाण्यात एक पट्टी बुडवून पाहा. दुसरी पट्टी साध्या नळाच्या पाण्यात बुडवा, म्हणजे फरक कळेल. पट्टी गालिच्याला लागता कामा नये, नाहीतर निस्तरायला आणखी एक डाग.

आता यंत्र. ओल्या कामाला लावण्याआधी आतला कागदी फिल्टर आणि कागदी पिशवी काढून ठेवायची आणि मोटरच्या जाळीवर स्पंजाची टोपी चढवायची. कागदी फिल्टर तसाच राहिला तर पहिल्या लिटरातच त्याचा लगदा होतो आणि ओढ निम्म्यावर येते. टाकीत एक तरंगता गोळा असतो. पाणी वर आलं की तो मोटरची वाट बंद करतो, आवाज एकदम चढतो आणि ओढ थांबते. पाण्यासाठी ही सोय चोख आहे, फेसासाठी मात्र नाही. फेस हलका असतो, गोळ्याला उचलत नाही आणि थेट मोटरकडे जातो. साबण काढण्याच्या कामात फेस होणारच. म्हणून सुरू करण्याआधी रिकाम्या टाकीत अर्धा लिटर पाणी आणि एक झाकण फॅब्रिक कंडिशनर घालून ठेवा. कपड्यांच्या साबणाचा फेस त्याने बसतो. हे कंडिशनर फक्त टाकीत घालायचं. गालिच्यावर शिंपडलं तर त्याचाही मेणचट थर बसतो.

खरी उणीव नोझलची. यंत्राबरोबर येणारं रुंद, रबरी पट्टीचं नोझल फरशीवरचं पाणी ओढायला बनवलेलं असतं. गालिच्यावर ते लवेच्या वर तरंगतं, कडेने हवा आत घेतं आणि पाणी तळाशी तसंच राहतं. त्याऐवजी सोफ्यासाठी दिलेलं, तळहाताएवढ्या रुंदीचं चपट्या तोंडाचं नोझल लावा आणि दाबून चालवा. याहून चांगला उपाय म्हणजे वेगळं मिळणारं पारदर्शक नोझल. त्याच्या तोंडाशी फट अरुंद असते, म्हणून हवा जोरात जाते. शिवाय आतून जाणारं पाणी डोळ्यांना दिसतं: आधी दुधाळ, मग फेसाचे तुकडे असलेलं, शेवटी नितळ. कुठे थांबायचं हे त्या खिडकीतून कळतं, म्हणून हा जोड आम्ही यंत्राइतकाच महत्त्वाचा मानतो. घेण्याआधी आपल्या नळीचा व्यास मोजा. ३२ आणि ३५ मिलिमीटर असे दोन्ही प्रकार बाजारात आहेत आणि बसत नसलेला जोड चिकटपट्टीने बांधला तर हवा तिथूनच गळते.

वीज: १४०० वॉटचं यंत्र ६ अँपिअरहून थोडं जास्तच ओढतं, तेव्हा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट वापरा. बारीक वायरीचा एक्स्टेन्शन बोर्ड तापतो. पाण्याचं काम आहे, अर्थिंग नीट हवं.

पाणी मारण्यापूर्वी गालिचा कोरडाच झाडून व्हॅक्यूम करा, कागदी फिल्टर लावून, दोन्ही दिशांनी. हे टाळलं तर धुळीचा चिखल होतो आणि पावडरीतला न विरघळलेला भाग आणखी खाली जातो. मग रंगाची परीक्षा. पांढरं सुती फडकं ओलं करून प्रत्येक रंगावर अर्धा मिनिट दाबून धरा, विशेषतः लाल आणि गडद निळ्यावर. फडक्यावर रंग उतरला तर तिथेच थांबा आणि काम गालिचे धुणाऱ्या जाणकाराकडे सोपवा.

पाणी कोमट घ्यायचं, हाताला सुखद लागेल इतकं, ३५ ते ४० अंश. दूध, अंडं किंवा रक्ताचा डाग असेल तर साधं थंड. पहिल्या फेऱ्या नुसत्या पाण्याच्या. बागेतल्या फवारणीच्या पंपाने एका चौरस फुटाला २०० मिली, म्हणजे एक पेला, एवढंच पाणी. दोन-तीन मिनिटं मुरू द्या, मऊ ब्रशने लवेच्या दिशेने हलवा, मग ओढा. एक वीत अंतर कापायला दोन-तीन सेकंद लागतील इतक्या सावकाश नोझल फिरवायचं, आधी उभं, मग आडवं, आणि प्रत्येक जागेवर पाणी न मारता आणखी दोनदा. घाईने फिरवलेलं नोझल पाणी पसरवतं. पाणी डागाच्या बाहेरून आत असं मारायचं, नाहीतर साबणाचं वर्तुळ मोठं होत जातं. टाकीत परत आलेलं पाणी मापाने मोजून पाहा. घातलेल्यापैकी निम्म्याहून कमी परत आलं तर गालिचा भिजतो आहे, खळबळत नाही. पुढची फेरी मारण्याआधी कोरडी ओढ वाढवा.

साधारण दोन-तीन फेऱ्यांनंतर एक फेरी व्हिनेगरची. किराण्यात चायनीजच्या सामानाशेजारी मिळणारं पांढरं व्हिनेगर, एक लिटर पाण्यात ५० मिली. याचं काम सोडा मारणं आणि जड पाण्याचा साका सोडवणं. साबण व्हिनेगरने विरघळून नाहीसा होत नाही, तो पाण्यानेच वाहून न्यावा लागतो, हे लक्षात ठेवा. लोकरीला हलकं आम्ल मानवतं, पण रंगाची परीक्षा व्हिनेगरच्या पाण्यानेही करून घ्या. रसायनांच्या दुकानातलं तीव्र असेटिक आम्ल यासाठी आणू नका, त्याने हात आणि डोळे दोन्ही जळतात. आणि खाण्याचा सोडा व व्हिनेगर एकत्र टाकून बुडबुडे काढण्याचा जो प्रकार सर्रास दाखवतात, तो करू नका. दोघं एकमेकांना निकामी करतात आणि जे उरतं तो क्षारच, म्हणजे गालिच्यात आणखी एक गोष्ट काढायची राहिली.

शेवटची फेरी कोणत्या पाण्याची, हा इंदुरात महत्त्वाचा प्रश्न आहे. जलूदहून येणारं नर्मदेचं पाणी दिवसाआड भरून ठेवलेलं असेल तर तेच वापरा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आधीच्या फेऱ्या त्याने चालतील, शेवटची मात्र आरओच्या पिण्याच्या पाण्याने करा. चार-पाच चौरस फुटांच्या जागेला लिटरभर पुरतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ६०० चं पाणी पिऊन चालेल, पण लवेवर सुकलं तर क्षार तिथेच राहतात. आरओच्या बाजूच्या नळीतून वाया जाणारं पाणी फरशीला वापरतात, ते इथे अजिबात नको. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात.

काम संपलं का, याची खात्री बाटलीने करा. टाकी रिकामी करून, कंडिशनर न घालता, एक शेवटचा पेला मारून ओढा. ते पाणी पारदर्शक बाटलीत अर्धं भरून दहा वेळा जोरात हलवा. मिनिटभरात फेस बसला तर काम झालं. कडेला फेसाची कडी टिकून राहिली तर आणखी एक फेरी. भांड्यांचं लिक्विड वापरलं असेल तर हळदीची पट्टी काही सांगणार नाही, कारण त्यात सोडा जवळजवळ नसतो, आणि फेऱ्याही जास्त लागतील. गालिच्यावर वापरायला सर्वांत वाईट साबण कोणता असं विचारलं तर आम्ही या लिक्विडचं नाव घेऊ.

हे यंत्र कुठे चालत नाही तेही सांगायला हवं. आर्ट सिल्क किंवा व्हिस्कोजचे चमकदार गालिचे पाण्याने पिवळे पडतात आणि लव चिकटून बसते. त्यांना पाणी दाखवू नका. ज्या गालिच्याच्या पाठीवर कापड चिकटवलेलं असतं, म्हणजे हाताने टफ्ट केलेले, त्यांच्यात डिंकासारखा लॅटेक्सचा थर असतो. जास्त पाण्याने तो सुटतो, पाठ फुगते आणि कुबट वास राहतो. तिथे पेल्याऐवजी अर्धा पेला आणि फेऱ्या जास्त. भदोही-मिर्झापूरकडचा हाताने गाठी मारलेला गालिचा उलटा करून पाहिला तर गाठी आणि नक्षी पाठीवरही स्पष्ट दिसतात. रंग पक्के असतील तर त्याला हे काम उत्तम सोसतं, फक्त सुती झालर ओली राहू देऊ नका, ती तपकिरी पडते.

उलट, पॉलीप्रॉपिलिनचा मशीनवर विणलेला गालिचा किंवा सुती सतरंजी असेल आणि घराला गच्ची असेल, तर यंत्राची गरजच नाही. गच्चीच्या उतारावर पसरा, पाइपने पाणी सोडा आणि फरशीच्या वायपरने लवेच्या दिशेने ओढत राहा. खालून जाणारं पाणी फेस नसलेलं येईपर्यंत. गाड्या धुण्याच्या केंद्रावर जेटने गालिचा धुऊन आणतात, ते मात्र लोकरीला आणि चिकटवलेल्या पाठीला घातक आहे. स्टीम क्लीनरचा या कामाला उपयोग नाही. ते वाफ आत घालतं, बाहेर काही ओढत नाही.

हातात धरायचं छोटं स्पॉट क्लीनर, ज्यात फवारा आणि ओढ एकाच नोझलमध्ये असतात, ते चहाच्या एखाद्या पेल्यापुरतं छान. पाणी मारलं आणि लगेच ओढलं, त्यामुळे पाठ कमी भिजते. पण टाक्या लहान, ओढ मोठ्या यंत्राहून कमी, आणि कंपनीचं द्रावण घालायचा आग्रह. साबण काढायचा असेल तर त्यात फक्त पाणी भरा. किंमत मोठ्या वेट-ड्राय यंत्राच्या बरोबरीने किंवा त्याहून जास्त असते. दोन्हींतून एकच घ्यायचं तर आम्ही मोठं घेऊ.

घरी येऊन सोफा-कार्पेट धुऊन देणाऱ्या सेवांचं काम माणसागणिक बदलतं, म्हणून फोनवरच चार गोष्टी विचारून घ्या: फेस लावल्यावर साध्या पाण्याची वेगळी फेरी देता का, पाणी ओढायचं यंत्र किती वॉटचं, शाम्पू किती पाण्यात किती घालता, आणि सुकल्यावर पुन्हा कोरडं व्हॅक्यूम कोण करणार. शेवटच्या प्रश्नाला कारण आहे. चांगला गालिच्याचा शाम्पू सुकल्यावर ठिसूळ कण होऊन झडतो, ते कण ओढून घेतले नाहीत तर शाम्पूही आतच राहतो. ‘फेस आपोआप उडून जातो’ असं उत्तर मिळालं तर दुसरीकडे फोन करा. रंगपंचमीच्या गेरनंतरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतरच्या, आठवड्यात आणि गणपतीच्या आधी या लोकांना घाई असते. अशा वेळी पाण्याची फेरीच वगळली जाते. तुम्ही समोर उभे राहा.

सुकवणं अर्ध्या कामाएवढं आहे. शेवटच्या ओढीनंतर त्या जागेवर जुन्या पांढऱ्या धोतराच्या सात-आठ घड्या ठेवा, वर प्लॅस्टिकची पिशवी, आणि त्यावर पाट किंवा पुस्तकांचं वजन. रात्रभरात वर चढणारं पाणी आणि त्याबरोबर येणारा उरलासुरला साबण लवेऐवजी कापडात जातो. रंगीत कापड आणि वर्तमानपत्र नको, दोन्हींचा रंग लागतो. सकाळी घड्या काढून लव हाताने उभी करा आणि पंखा जमिनीलगत लावा. बऱ्याच यंत्रांना हवा बाहेर फेकणारं तोंडही असतं. टाकी धुऊन कोरडी केल्यावर नळी तिकडे लावली तर तेही कामाला येतं. संपूर्ण गालिचा ओला केला असेल तर खाटेवर सावलीत पसरा, म्हणजे खालूनही वारा लागतो. ओल्या लोकरीचं वजन बारीक कठड्यावर टाकलं तर विणीला ताण पडतो. एप्रिल-मेमध्ये इंदूरची कोरडी हवा हे काम एका दिवसात करते. जुलै-ऑगस्टमध्ये मोठा गालिचा धुवायला काढूच नये. चोवीस तासांत पाठ सुकली नाही की बुरशीचा वास सुरू होतो. तेवढ्यात डाग पडलाच तर एक-दोन चौरस फुटांचंच काम करा.

काम झाल्यावर यंत्रातून दोन लिटर स्वच्छ पाणी ओढून नळी धुऊन घ्या, टाकी उपडी ठेवा आणि स्पंजाची टोपी पिळून वाळवा. ओली टोपी आत ठेवून झाकण लावलं तर पुढच्या वेळी त्याच कुबट हवेचा वास खोलीभर येतो. कागदी फिल्टर टाकी पूर्ण कोरडी झाल्याशिवाय परत बसवू नका.